एका पावासाठी भट्टी

शून्यकाका गुरुवारी संध्याकाळी गेले, शहराची गॅसवरची शवदाहिनी बंद होऊन जेमतेम एक चहा पिऊन होईल एवढ्या वेळाने. ज्या माणसाने नोकरीभर एकही मुदत चुकवली नाही, त्याने शेवटची मुदत अशी काठावर चुकवली. दाहिनी आता थेट मंगळवारी पेटणार होती. आठवड्यातून तीनच दिवस ती चालवायची असं पालिकेने ठरवलं होतं, आणि पालिकेने म्हणजे कात्रीने.

कात्री ही काकांची पुतणी, पालिकेची मुख्य लेखाधिकारी. हे नाव तिला आधी घरात पडलं, मग कार्यालयात गेलं, आणि गेल्या वर्षी तर नव्या पुलाच्या भिंतीवर कुणीतरी तिचं चित्रच रंगवलं होतं, कात्रीच्या दोन पात्यांना उंच टाचांच्या चपला घातलेलं. ते पुसायला पैसे नव्हते. भिंती रंगवायचे पैसे तिनेच कापले होते.

पण खरं सांगायचं तर ही कात्री काकांच्याच दगडावर धार लावून आली होती. काका राज्याचे वित्त सचिव. कुणाच्याही मागणीतलं एक शून्य खोडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, म्हणून ते शून्यकाका. निवडणुकीच्या तोंडावर सरकारने कर माफ केले, त्याला टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांनी तिजोरी भरत नाही हे सरकारला सहा महिन्यांनी कळलं. मग खड्डा बुजवायला काकांना बोलावलं. काकांनी निवृत्तीआधीच्या आपल्या शेवटच्या अंदाजपत्रकात शहरांचं अनुदान निम्म्यावर आणलं आणि शेजारी टीप लिहिली की शहरांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आड कोरडा पडला की मार पोहऱ्यालाच बसतो. शहराने मग आपल्यावरचा मार पुढे ढकलला. वाचनालय दुपारपर्यंत, रस्त्यावरचा दर दुसरा दिवा बंद, कचऱ्याची गाडी दिवसाआड, आणि मेलेली माणसं तक्रार करत नाहीत म्हणून दाहिनी तीन दिवस.

तर काकांनी वर खोडलेलं शून्य फिरत फिरत शेवटी त्यांच्याच घरी येऊन पोचलं होतं.

शुक्रवारी सकाळी कात्री कार्यालयाच्या काळ्या गाडीतून काकूंच्या दारात उतरली तेव्हा अंगणात बँड बसला होता. लाल डगले, पितळी कर्णे, मांडीवर ढोल. दारात आत्या उभी होती. आत्या म्हणजे काकांची बहीण, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही माणसांकडे बघताना त्यांची नखं कापलेली आहेत का ते बघायची.

“आलीस? आणि गाडी इथेच लावलीस? बँडवाल्यांनी कुठे बसायचं?”

“हे कोणी बोलावले?”

“राज्याने पाठवलेत. सरकारी इतमाम आहे दादाचा. आत ये, पण नाक धरून ये.”

आत खरंच वास येत होता, आणि तो काकांचा नव्हता. शवागार भरलेलं होतं. तिथल्या अर्ध्या कपाटांचं यंत्र बिघडून पडलं होतं आणि दुरुस्तीचे पैसे कोणी कापले हे विचारायची गरज नव्हती. म्हणून काकांना बाहेरच्या खोलीतल्या लांब टेबलावर, पत्र्याच्या मोठ्या परातीत निजवलं होतं, आणि भोवती मासळीवाल्याकडून आणलेला बर्फ रचला होता. मासळीवाल्याने बर्फ कोरा असल्याची शपथ घेतली होती. खिडकीत बसलेल्या मांजरीचा त्या शपथेवर विश्वास नव्हता. काका इतके थंड आणि गप्प कुणी पाहिले नव्हते असं काही म्हणता येणार नाही, फायलीवर ते असेच असत.

टेबलाच्या एका टोकाला काकांचा मुलगा फोन कानाला लावून येरझारा घालत होता. तो राज्याच्या अर्थखात्यात उपसचिव, घरात लहानपणापासून साहेब. दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, कात्रीचा सख्खा भाऊ उभा होता. हा धाकटा. हा दाहिनी चालवायचा. कामाचा जाड निळा कोट त्याने घरातही काढला नव्हता.

“या मॅडम,” तो म्हणाला. “बसायला खुर्ची आणू?”

दाहिनी तीन दिवसांवर आणली, त्याच्या हाताखालची माणसं घरी बसवली आणि त्याचा पगारही त्याच मापाने कापला, त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणत होता. जेवणात पाणी हवं का मॅडम, मुलांच्या परीक्षा कशा गेल्या मॅडम. हा शब्द तो इतक्या आदराने उच्चारायचा की तिला दर वेळी थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं. आईबाप एकाच अपघातात गेले तेव्हा ह्या भावाचं नाक तिने स्वतःच्या बाहीने पुसलेलं होतं. आता एक वर्ष झालं, त्याच्या तोंडून तिने ‘ताई’ ऐकलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगा, ते तिला सगळ्या शहराच्या शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं.

साहेबाने फोन ठेवला. “झालं. राज्य जे जे देऊ शकतं ते सगळं मंजूर झालंय. बँड, फुलांचं मोठं चक्र, दोन शोकसंदेश.”

“गॅस?” धाकट्याने विचारलं.

“गॅस हा शहराचा विषय आहे.”

“म्हणजे वाजवणार तुम्ही आणि जाळणार आम्ही.”

“हे बघ, इतमामाचे पैसे इतमामावरच खर्च करावे लागतात. खर्चाच्या एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्या शीर्षाखाली नेता येत नाहीत. हा नियम बाबांनीच कडक केला होता.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात बँडमास्तर दारात आला. पोटावरचं शेवटचं बटण सोडलेलं, पण वागणं फार अदबीचं. “माफ करा, घाई करत नाही. पण आमचं सूर्यास्तापर्यंतच मंजूर आहे. उद्या वाजवायचं तर नवा प्रस्ताव करावा लागेल.”

“मग करू प्रस्ताव,” आत्या म्हणाली.

“करा ना. मागे एका न्यायमूर्तींसाठी केला होता. मंजुरी आली तेव्हा त्यांच्या बाईंनी दुसरं लग्न केलं होतं.”

आत्याने त्याच्या नखांकडे पाहून त्याला बाहेर घालवलं आणि मग ती कात्रीकडे वळली. साहेबही वळला. एरवी ह्या दोघांचं एका ताटात जमत नसे. आत्याच्या मते साहेबाला पाढे अजून येत नव्हते, आणि साहेबाच्या मते आत्याला त्यापलीकडे काही येत नव्हतं. पण आज ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

“बंद दिवशी दाहिनी पेटवायचा अधिकार कुणाला आहे?” आत्याने विचारलं.

“मला,” कात्री म्हणाली. “अगदी आणीबाणी असेल तर.”

“मग ही काय सहल आहे?”

“आत्या, बंद दिवशी गॅसचा दर दंडासकट लागतो. आणि आजवर मी ही सही एकदाही केलेली नाही.”

“आजवर तुझा काकाही एकदाही मेला नव्हता.”

“एक सही आहे गं,” साहेब मऊ आवाजात म्हणाला. “कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळेल,” धाकटा म्हणाला.

तो भिंतीपासून सुटला आणि टेबलापाशी आला. त्याचा आवाज मुळात मोठा, बंद खोलीत तो आणखी मोठा झाला. “शवागारात माणसं पडलीत. तीन दिवसांत जेवढी होतात तेवढी होतात, उरलेली पुढच्या आठवड्यावर. तो बसचा कंडक्टर आठवतो का मॅडम? टोपी हातात घेऊन तुमच्या दारात उभा होता, आईसाठी. तुम्ही त्याला काय सांगितलंत?”

“मंगळवार,” कात्री म्हणाली.

“त्याची आई अजून तिथेच आहे. त्याचा मंगळवार येऊन गेला, नंबर आला नाही. आता तुम्ही सही करा. मी पेटवीन, मी नोकर आहे. काकांना आत ठेवीन, ते माझे काका आहेत, त्यांच्या खांद्यावर बसून मी शहर पाहिलंय. आणि मग दाहिनीची किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन, आणि पुन्हा तुमच्या घराची पायरी चढणार नाही. मेलो तरी कळवणार नाही. मंगळवारी कळेलच.”

“धमकी देतोयस?” साहेबाने विचारलं.

“नाही साहेब. वेळापत्रक सांगतोय.”

मांजर खिडकीतून टेबलावर उतरली. आत्याने तिला हाकललं आणि त्या गडबडीत बर्फाचा एक तुकडा घरंगळत कात्रीच्या चपलेपाशी येऊन थांबला. तिने तो उचलला, परत काकांच्या कोपरापाशी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

काकू बँडसाठी चहा करत होत्या. एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं घरात नव्हतं, म्हणून त्यांनी पीठ मळायचं जुनं मोठं पातेलं काढलं होतं. आजेसासऱ्यांपासून ह्या घराची पावांची भट्टी होती, खाली, आता जिथे चष्म्यांचं दुकान आहे तिथे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा ती चालू होती. पुढे काका सरकारात गेले, कात्रीचे वडील वारले, आणि भट्टीची उरली फक्त पातेली आणि म्हणी.

“कसे आहेत हे?” काकूंनी विचारलं.

“वितळताहेत.” आणि मग जीभ चावून, “बर्फ, काकू. बर्फ म्हणतेय मी.”

“कळलं. मासळीचा वास ह्यांना कधी खपला नाही. शेजारी तळलेली तरी हे खिडक्या लावून घ्यायचे. आता काय बोलतात बघू.” काकू हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, हात साखरेत होता. “पोरी, मला आजच्या आज उरकायचंय. मंगळवारपर्यंत मी त्यांना त्या टेबलावर बघू शकत नाही. रात्री उठून तीनदा पाणी काढलं परातीतलं. जिवंतपणी करायला सांगितलं असतं तर केलं नसतं.”

“मी सही करते,” कात्री म्हणाली. “धाकटा जाईल सोडून. जाऊ दे. तुमच्यापुढे काय आहे.”

“का जाईल सोडून?”

तिने सांगितलं. कंडक्टर, त्याची आई, बाकीचे. काकू चहा ढवळत ऐकत होत्या. मग त्यांनी गॅस बारीक केला.

“तुझे आजोबा काय म्हणायचे? अवेळी कुणी पाव मागायला आलं की?”

हे घरातल्या पोराटोरांना पाठ होतं. “एका पावासाठी भट्टी पेटवत नाहीत.”

“तेच. ह्यांनी ते वाक्य राज्यभर नेलं. कुणी दवाखाना मागितला, कुणी शाळा मागितली, ह्यांनी फायलीवर लिहिलं, एका पावासाठी भट्टी पेटवत नाहीत. भाषणातसुद्धा घातलं. लोक म्हणाले, काय माणूस आहे, मातीतून आलेला. पण तुझी आजी त्यावर काय म्हणायची ते कुणाला आठवतं का?”

कात्रीला आठवत नव्हतं. आजीबद्दल तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की तिच्या हाताला कायम पीठ असे.

“म्हणायची, पेटवा, आणि मग आळीला हाक मारा. आणि खरंच मारायची हाक. ज्याच्या घरी मळलेलं पीठ असेल त्याने घेऊन यावं. तापायलाच सगळं लाकूड जातं, एकदा तापली की एक पाव काय आणि पन्नास काय. आजोबा चरफडत पेटवायचे. दोघांचं मिळून एक वाक्य होतं ते, पोरी. ह्यांनी अर्धंच नेलं.”

कात्री पातेल्यातल्या चहाकडे बघत राहिली. एकदा तापली की एक काय आणि पन्नास काय. दाहिनीचंही तसंच होतं, आणि हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दर मंगळवारी गारठलेली दाहिनी तापवण्यात जाणारा गॅस तिने स्वतः मांडून पाहिला होता. तीन दिवसांच्या वेळापत्रकाने वाचत होते ते पगार, गॅस नव्हे. पण वरून सांगितलेलं होतं की काहीतरी कापलेलं दिसलं पाहिजे, आणि बंद दार लांबूनही दिसतं.

“पण पेटवायला पैसे कुठून?” ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. “इंधनाच्या शीर्षात दाहिनीच्या वाट्याचं काही उरलेलं नाही.”

“मग कुणाच्या वाट्याचं उरलंय?” काकूंनी विचारलं. काकूंना अंदाजपत्रकातलं काही कळत नसे. त्या फक्त पातेल्यात कुणी किती वाढून घेतलं ते बघायच्या.

अंगणात बँडवाल्यांपैकी कुणीतरी कात्रीच्या काळ्या गाडीला टेकून सिगारेट पेटवली. तिने खिडकीतून ते पाहिलं, आणि मग नुसती गाडीच पाहत राहिली.

ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा आत्या आणि साहेब हळू आवाजात पुढचा डाव ठरवत होते. तिने पर्स उघडली, पालिकेचा शिक्का असलेला कागद काढला आणि काकांच्या पायाशी टेबलावर ठेवून लिहायला बसली.

“शाब्बास,” आत्या म्हणाली.

“आज दाहिनी पेटेल,” कात्रीने लिहिता लिहिता सांगितलं. “शवागारातल्या सगळ्यांसाठी. कंडक्टरची आई पहिली, मग ज्याचा जसा नंबर. काका त्यांच्या नंबराला. आणि आजपासून ती रोज चालेल.”

“सगळ्यांसाठी?” साहेबाने चष्मा काढला. “तरतूद कुठाय?”

“इंधन.”

“इंधनात काही उरलंय कुठे?”

“दाहिनीच्या गॅसचं नाही. गाड्यांच्या पेट्रोलचं आहे. दोन्ही एकाच शीर्षाखाली येतात, कुणाची मंजुरी लागत नाही. पालिकेच्या गाड्यांचं पेट्रोल वर्षअखेरपर्यंत बंद. फक्त पाण्याचे टँकर आणि आगीचे बंब सोडून.”

“महापौरांची गाडी?”

“ती टँकर आहे का?”

“अगं, आयुक्तांची? आणि तुझी?”

“माझी पहिली.”

साहेब खुर्चीत बसला. त्याचा चेहरा खरंच काळजीचा झाला होता, आणि तिला त्याचं जरा बरं वाटलं. “तुला काढून टाकतील.”

“काढायला चौकशी लागते, चौकशीला समिती लागते, आणि समितीला बैठकीचा भत्ता लागतो. भत्ते मी आधीच कापलेत.” तिने सही केली. सही जरा वाकडी आली. “बदली मात्र करतील. एखाद्या गोदामात टाकतील. टाकू देत.”

मग तिने तिथूनच पेट्रोल पंपाला फोन केला, हुकूम वाचून दाखवला, आणि फोन ठेवून पहिल्यांदा धाकट्याकडे पाहिलं. तो कागद उचलून वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलत, हे लहानपणापासूनचं. एका जागी ओठ थांबले.

“मॅडम,” तो म्हणाला, “टँकर आणि बंब सोडून सगळ्या गाड्या?”

“सगळ्या.”

“शववाहिनी?”

साहेबाने काढलेला चष्मा परत लावला.

“शववाहिनी पालिकेचीच आहे,” तो म्हणाला. “मघाशीच निरोप आलाय, टाकी कोरडी आहे, पंपावरून भरून येते म्हणून.”

कात्रीने फोन उचलला. पंपावर कुणी उचलेना, तो कुलूप लावून मोकळा झाला असणार. ज्या माणसाने एवढ्या लवकर हुकूम पाळला त्याला ती एरवी बढती देईल असं तिच्या मनात येऊन गेलं. धाकट्याच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. तिला वाटलं रडतोय. तो हसत होता. कागद तोंडावर धरून, भिंतीला टेकून, पोट धरून हसत होता, आणि त्याला हसताना बघून आधी काकू दारात हसल्या, मग आत्या, जिला शाळेत कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

“शरम वाटू दे,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “दादा इथे आहे.”

“म्हणूनच तर,” काकू म्हणाल्या. “नाहीतर हसू दिलं असतं का त्यांनी?”

शेवटी काका मासळीवाल्याच्या टेम्पोतून निघाले. बर्फ त्याचा, टेम्पो त्याचा, आणि परतीच्या वाटेवर त्याला बाजारातून जायचंच होतं. त्याने मागची फळी दोनदा धुतली, तरी व्हायचा तो परिणाम झाला. पुढे लाल डगल्यातला बँड, मागे टेम्पो, टेम्पोत फुलांच्या चक्राखाली राज्याचे माजी वित्त सचिव, त्यांच्यामागे कुटुंब, आणि कुटुंबामागे वाढत जाणाऱ्या मांजरी. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी कात्रीला ओळखलं, शिवी द्यायला तोंडही उघडलं, पण मिरवणुकीकडे बघता बघता तो ती विसरला.

दाहिनीच्या आवारात आळी जमली होती. धाकट्याने घरी बसवलेल्या आपल्या माणसांना फोन केले होते आणि ती बिनपगारी आली होती. शवागार शेजारीच, त्यामुळे तिथून नुसतं ढकलत आणायचं होतं. तिथल्या मृतांच्या घरचे लोक निरोप मिळताच घाईघाईने जमलेले, कुणी कामाच्या कपड्यांत, कुणी मुलाला शाळेतून तसंच उचलून. कंडक्टर सगळ्यांच्या पुढे उभा होता, टोपी हातात. कात्रीला बघून तो थोडा मागे सरला. त्याला वाटलं, पुन्हा मंगळवार सांगायला आलीय.

“चला,” ती म्हणाली. “तुमच्या आईंचा नंबर.”

कंडक्टर पुढे झाला. आत जाताना दाराच्या चौकटीला टोपी लावून थांबला, आणि मग गेला.

बँडमास्तर कात्रीपाशी आला. “मॅडम, आम्ही काय करायचं? आमचं मंजूर एकाच माणसासाठी आहे.”

“वाजवू नका मग.”

“तसं नाही.” त्याने सुटलेलं बटण लावलं. “तालमीला मंजुरी लागत नाही. तालीम कुठेही करता येते. आता इथे उभेच आहोत तर म्हटलं...”

आणि त्यांनी तालीम केली. कंडक्टरच्या आईसाठी केली, एका सुताराच्या बापासाठी केली, शेवटपर्यंत ज्याचं कुणीच आलं नाही अशा एका म्हाताऱ्यासाठी तर दोनदा केली. काकूंनी राज्याचं फुलांचं चक्र मांडीवर घेतलं आणि फुलं उपटून ज्याला त्याला वाटायला सुरुवात केली. साहेब आधी म्हणाला की हे सरकारी आहे.  आणि मग तोच फुलं घेऊन रांगेतून फिरू लागला, अगदी कुणाला किती गेली ते डोळ्यांनी मोजत. सवय लगेच जात नाही. महापौर आले ते पायी, घामाने निथळत. कात्रीकडे त्यांनी असं पाहिलं की गोदाम नक्की झालं. पण एवढ्या मतदारांसमोर बोलणार काय. त्यांनीही एक फूल घेतलं आणि रांगेत उभे राहिले.

काकांचा नंबर आला तेव्हा सूर्य बुडाला होता.

बँडमास्तराने आकाशाकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्याला फार अवघडल्यासारखं झालं होतं. “बाई, तालमीचं निराळं. पण सचिवसाहेबांचं वाजवलं तर ते इतमामात धरतात, आणि इतमाम सूर्यास्तापर्यंत. नंतर वाजवलं तर आमच्या पगारातून...”

“नका वाजवू,” काकू म्हणाल्या. “ह्यांनीच घातला असणार तो नियम. मोडला तर रात्री स्वप्नात येतील.”

चक्राची नुसती कडीच उरली होती. ती काकूंनी काकांच्या छातीवर ठेवली. बँड वाजला नाही. पण कात्रीने वळून पाहिलं तर ज्यांचं ज्यांचं उरकलं होतं ती माणसं घरी गेली नव्हती. कंडक्टर होता, सुतार होता, शाळेच्या गणवेशातला मुलगा पेंगत आईच्या कडेवर होता. काका कोण हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित गेले असते. दार लागलं तेव्हा सगळे आपसूक उभे राहिले, आणि कात्रीला इतकं रडू आलं की आत्याला तिला धरावं लागलं.

“काका लवकर झाले,” धाकटा नंतर बाहेर येऊन म्हणाला. चेहरा धगीने लाल झाला होता. “भट्टी पुरती तापली होती ना. शेवटच्याचं असंच असतं.”

आवार रिकामं होत होतं. त्याने किल्ली काढली, हातात खेळवली. “बंद करू?”

“सकाळी कुणी आहे?”

“शहर आहे. रोज कुणीतरी असतंच.”

“मग राहू दे तापलेली.”

त्याने किल्ली परत निळ्या कोटाच्या खिशात टाकली. मग भिंतीला टेकवलेली सायकल ओढून काढली आणि काकूंना मागच्या कॅरिअरवर नीट बसवलं. त्या सवय असल्यासारख्या बसल्या. कात्री रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिथला दर दुसरा दिवा बंद होता, आणि घर लांब होतं.

“गाडी कुठाय?” त्याने विचारलं.

“मी बंद केली ना.”

“हो की.” त्याने सायकलची पुढची दांडी बाहीने पुसली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “बस मग, ताई. पण उतारावर पाय वर घे. मागच्या वर्षीपासून ब्रेकला पैसे नाहीत.”